बुधवारची फिजिओथेरपी

आदरणीय वन्सं,

भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खुर्चीत बसूनच वाकले आहे. उभं राहून वाकण्याइतकी ताकद सध्या पायांत नाही. का, ते पुढे येईलच.) तुमची प्रकृती कशी आहे? आणि गुडघा कसा आहे? गुडघ्याची चौकशी मुद्दाम वेगळी करते आहे, कारण आमच्या घरी तुमच्या गुडघ्याला तुमच्यापेक्षाही जास्त मान आहे. तो दुखतो म्हणून तुम्ही आमचे दोन जिने चढून येत नाही, तो दुखतो म्हणून धाकटीच्या वाढदिवसाला तुमचा नुसता आशीर्वाद येतो, आणि तो दुखतो म्हणून गेले कित्येक महिने दर बुधवारी तुमचे बंधुराज दुपारीच गाडीच्या शिकवण्या आटपून तुम्हाला फिजिओथेरपीला घेऊन जातात. संध्याकाळी परत येतात ते असे पांढरेफटक पडून, की उपचार तुमच्यावर झाले की त्यांच्यावर, असा प्रश्न पडावा. 'फार दुखतं गं ताईला, बघवत नाही,' एवढं म्हणतात, दोन पेले पाणी पितात आणि जेवायला नको म्हणून आडवे होतात. बहिणीवर इतकी माया असलेला नवरा मला मिळाला, याचं मी चारचौघांत कौतुकही करत आले आहे.

फोन न करता पत्र लिहिते आहे, याचं नवल वाटेल. फोनवर अडचणीचा विषय निघाला की तुम्हाला माझा आवाज तुटक ऐकू येतो, हा अनुभव आहे. शिवाय जे सांगायचं आहे ते मला मधे कोणी 'हं, हं' न करता सांगायचं आहे. हे पत्र तुमच्या भावाच्या हाती न देता पोस्टाने पाठवते आहे. माणूस तसा विश्वासू. निदान गेल्या सोमवारपर्यंत होता.

सुरुवातीपासून सांगते. मोठीचं शाळेचं शेवटचं वर्ष संपलं. ही सुट्टी संपली की ती शिकायला हॉस्टेलवर जाणार. मग तिच्या सुट्ट्या वेगळ्या, धाकटीच्या वेगळ्या, आणि चौघांनी मिळून कुठे जायचं म्हटलं तर ते राहूनच जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. म्हणून मी ठरवलं, काही झालं तरी या सुट्टीत सगळ्यांनी मिळून जायचंच. मुलींना विचारलं, कुठे जायचं? एरवी पंखा किती वेगात ठेवायचा यावरूनही ज्यांचं पटत नाही, त्या दोघी वर्षभर म्हणत होत्या तेच एका सुरात म्हणाल्या, थीम पार्क. मी तिथल्या तिथे बेत आखला. त्या दोघी आणि त्यांचे बाबा रोलर कोस्टरमध्ये बसतील, आणि मी खाली बॅगा सांभाळीन. (प्रत्येक घरातलं एक माणूस बॅगांसाठी लागतंच, आणि त्यागाच्या बाबतीत मी कधी मागे हटले नाही, हे तुम्ही जाणताच.) संध्याकाळी तुमचे बंधुराज घरी आले, तेव्हा मी चहाचा कप हातात देऊन हा बेत त्यांच्या कानावर घातला. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, 'त्यापेक्षा घरीच पंखा जोरात लावून बसू. वारा तेवढाच लागेल.'

वन्सं, उत्साहाने फसफसणारा माणूस मी लग्नातही मागितला नव्हता. पण इतका थंडपणा मी बर्फाच्या लादीतही पाहिलेला नाही. पहिल्या दिवशी ऊन आड आलं. दुसऱ्या दिवशी रांगा. मग म्हणे त्यांच्या गाडी शिकणाऱ्या एका बाईंची परीक्षा जवळ आली आहे आणि त्यांना अजून गाडी मागे घेता येत नाही. (त्या बाईंना मी ओळखते. त्यांना गाडी पुढेही घेता येत नाही, आणि त्यात आमच्या सुट्टीचा काही दोष नाही.) मग कंबर दुखायला लागली. मग म्हणाले, आपण वस्तुसंग्रहालयात जाऊ. ते मोडून काढलं तर म्हणाले, वनस्पती उद्यानात. तेही नको म्हटल्यावर म्हणाले, शहराबाहेर एक जुना पूल आहे, तो बघून येऊ. माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं की हा माणूस सुचवतो आहे त्यातली एकही गोष्ट जागची हलत नाही. पण मी चिडलेले होते, आणि चिडलेल्या बाईला फक्त स्वतःचं बरोबर दिसतं. शेवटी घरात मतदान घेतलं. तीन मतं पार्कला पडली. त्यांनी आपण तटस्थ असल्याचं जाहीर केलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. 'पुढच्या महिन्यात बघू,' हे त्या वर्तमानपत्रामागून ऐकू आलं. ते मी त्याआधीच्या महिन्यातही ऐकलं होतं.

मग मी शेवटचा उपाय केला. त्या पार्कच्या रोलर कोस्टरचा व्हिडिओ टीव्हीवर लावला आणि त्यांना सोफ्यावर बरोबर समोर बसवलं. तुम्हाला त्यांच्या उजव्या पायाची खोड माहीत आहेच. मोटर ट्रेनिंगच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, आणि तो दाबून दाबून यांच्या पायाला अशी सवय झाली आहे की समोर काहीही हललं की पाय आपोआप दाबला जातो. बसमध्ये बसले तरी दाबतात. आमच्या सोफ्यासमोरचा गालिचा त्या एका जागी विरून गेला आहे. मी जिथे काम करते त्या दवाखान्यात दाढ दाखवायला आले, तेव्हा खुर्ची नुसती मागे कलली तर यांनी असा ब्रेक मारला की आमच्या डॉक्टरीणबाईंनी हातातलं अवजार खाली ठेवून विचारलं, 'इतकं दुखतंय? मी अजून काहीच केलं नाही.' तर व्हिडिओत ती गाडी टोकाला पोचली, क्षणभर थांबली, आणि खाली सुटली. त्याबरोबर तुमच्या बंधुराजांनी समोरच्या टीपॉयवर असा पाय दाबला की टीपॉयचा एक पाय मोडून बाजूला पडला. मी म्हटलं, नसेल यायचं तर सरळ सांगा, लाथा कसल्या झाडता? ते म्हणाले, 'टीपॉय कच्चा होता.' आणि उठून आत गेले.

यात हसण्यासारखं काही नाही, कारण त्यानंतर जे झालं ते मला लागलं. मोठी तो मोडका पाय जागेवर बसवायचा प्रयत्न करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, 'जाऊ दे आई. बाबांना आमच्याबरोबर कंटाळाच येतो ना?' वन्सं, ती रडली असती तर मी समजूत घातली असती. ती हवामानाबद्दल बोलावं तसं बोलली. ही पोर महिन्याभरात घर सोडून जाणार, आणि जाताना बापाबद्दल एवढंच बरोबर नेणार. तुमच्या भावावर मी इतकी कधीच रागावले नव्हते. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी मोजून मापून बोलत होते. (ते त्यांच्या लक्षात आलं नाही, तो भाग वेगळा.)

आता सोमवारचं सांगते. तुम्ही बसून वाचत असाल अशी आशा आहे.

दाताच्या दवाखान्यात माझं खरं काम नंबर लावणं, फोन घेणं आणि कागदी पेले भरून ठेवणं. पण अर्धा दिवस जातो तो घाबरलेल्यांना धीर देण्यात. पेशंट दारातून आत आला की त्याच्या चालीवरून मी सांगते, हा किती घाबरला आहे. कोणी माशांच्या काचेच्या पेटीकडे एकटक बघत बसतो, कोणी उगाच विनोद सांगतो, कोणाला अचानक महत्त्वाचं काम आठवतं. त्यांना मी त्यांच्या कामाबद्दल विचारते. आपल्या कामाबद्दल बोलताना माणूस भीती विसरतो, हा माझा अनुभव. सोमवारी एक तरुण मुलगी आली, अक्कलदाढ काढायला. अंगात गणवेशाचा टी शर्ट, छातीवर हसऱ्या हत्तीचं चित्र, आणि चेहरा असा की आता हत्तीच तेवढा हसू शकेल. मी शेजारी बसले आणि विचारलं, काय काम करतेस? तर म्हणाली, थीम पार्कमध्ये रोलर कोस्टरवर. लोकांचे पट्टे तपासते आणि गाडी सोडते.

दिवसभर माणसांना उलटं टांगणारी मुलगी एका सुईसाठी थरथरत होती, याची मला मौज वाटली. आयती माहीतगार भेटली म्हणून मी विचारलं, अगं, घरात एखादा माणूस यायला अजिबात तयार नसेल तर त्याला कसं आणायचं? ती दाढ विसरून हसायलाच लागली. म्हणाली, 'मावशी, आमच्याकडे ब्रेककाका येतात, त्यांच्याकडे बघा. त्यांच्याइतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलं नाही, आणि ते दर बुधवारी येतात.'

मी म्हटलं, ब्रेककाका?

मग तिने जे सांगितलं ते असं. हे काका शर्टाची वरची गुंडी लावून येतात. बसण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारतात आणि चाकांकडे वाकून बघतात. बसल्यावर हात वर करून नसलेला आरसा नीट करतात. पुढे बसलेल्या अनोळखी माणसांचे पट्टे ओढून बघतात. गाडी चढणीला लागली की त्यांचं सुरू होतं, 'सावकाश, घाई नाही, हाफ क्लचवर धरा.' वर पोचल्यावर पुढच्या सीटवरच्या बाईला म्हणतात, 'मॅडम, आता ब्रेक.' मॅडम बिचाऱ्या दोन्ही हात सोडून किंचाळत असतात. वळणावर यांची तक्रार असते की इंडिकेटर न देता वळवली. एकदा तर त्या मुलीलाच विचारलं की तुमच्याकडे ही गाडी सोडायचा परवाना आहे का. आणि हे सगळं, वन्सं, डोळे घट्ट मिटून. गाडी थांबली की उतरतात, बाकावर बसतात, दोन पेले पाणी पितात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात.

मी तिथेच गार झाले. हातातला कापसाचा बोळा कधी खाली पडला ते कळलं नाही. जगात वरची गुंडी लावणारे पुष्कळ असतील, पण हाफ क्लचवर धरा म्हणणारा माणूस माझ्या घरी आहे. पुढच्या पेशंटला मी नावाने पुकारायचं सोडून 'अहो, या' म्हणाले, आणि एक भारदस्त निवृत्त गृहस्थ दचकून उभे राहिले. पण खरा धक्का पुढेच होता. त्या मुलीने त्यांना एकदा विचारलं होतं, काका, इतकी भीती वाटते तर येता कशाला? ते म्हणाले, 'मला माझ्या मुलींना घेऊन यायचंय. मोठी आता बाहेरगावी जाणार. तिच्या शेजारी बसून डोळे मिटून घ्यायचे, हे बरं दिसत नाही. डोळे उघडे राहायला लागले की आणतो.'

त्यांनी आपला शिकवायचा क्रम स्वतःलाच लावला आहे हो. नवीन शिकणाऱ्याला ते पहिल्या दिवशी गाडी नुसती दाखवतात, मग रिकाम्या मैदानात, मग गल्लीत, आणि मग हमरस्त्यावर आणतात. इथेही पहिल्या बुधवारी ते म्हणे बाकावर बसून नुसतं बघत होते. पुढे कित्येक बुधवार लहान मुलांच्या गोल फिरणाऱ्या घोड्यांवर. दुधाचे दात न पडलेल्या मुलांच्या रांगेत हे गृहस्थ लाकडी घोड्यावर ताठ बसलेले, आणि घोड्याला ब्रेक लावताहेत. मग छोटी आगगाडी. मग होडी. आणि आता हमरस्ता. म्हणजे 'पुढच्या महिन्यात बघू' याचा अर्थ अजून तयारी झाली नाही, असा होता. आणि मी, घाबरलेलं माणूस दारातून ओळखणारी बाई, घरच्या माणसाला थंड म्हणत होते. डॉक्टरीणबाईंनी त्या मुलीला आत बोलावलं. मी तिचा हात धरून तिला खुर्चीपर्यंत नेलं. खरं तर तिनेच मला नेलं.

दाढ निघाल्यावर ती गालावर हात धरून बाहेर आली, तेव्हा मी धीर करून विचारलं, काका एकटेच येतात का? तिने नाही म्हणून मान हलवली. बरोबर एक बाई असते. दोघं एका सीटवर बसतात आणि काका तिचा हात घट्ट धरून ठेवतात.

वन्सं, ही बाई कोण असेल? तुम्ही त्यांच्या मोठ्या बहीण. लहानपणी बोटाला धरून त्यांना शाळेत सोडायचात. त्यांच्या पोटात काय आहे ते तुम्हालाच ठाऊक. दर बुधवारी ते तुमच्याबरोबर फिजिओथेरपीला असतात, मग त्याच वेळी या बाईचा हात धरून आभाळात कसे असू शकतील? माझं तर डोकंच चालेनासं झालं आहे. तुम्हीच काय तो उलगडा करावा. पत्र वाचून प्रकृतीवर परिणाम होऊ देऊ नये. गुडघ्याला शेक द्यावा. मुली तुम्हाला नमस्कार सांगतात.

तुमची, अजून न सावरलेली,
भावजय

ता. क. : त्या मुलीने बाईचं वर्णनही केलं होतं, ते वर लिहायचं राहिलं. बाईंच्या हातात काठी असते. काठीच्या मुठीला जांभळ्या लोकरीचं विणलेलं आवरण आहे. ते आवरण मी विणलेलं आहे, वन्सं. तुमच्या तळहाताला मूठ टोचू नये म्हणून. बाई गुडघ्याचं कारण सांगून रांगेत सगळ्यांच्या पुढे जातात, काठी त्या मुलीकडे ठेवायला देतात, पुढची सीट मिळाली नाही तर रुसतात, आणि गाडी खाली सुटली की रिकामा हात वर करून हसतात. उतरल्यावर 'अजून एकदा' असं त्याच म्हणतात, काका नव्हे. आमचे दोन जिने मात्र त्यांना चढवत नाहीत. भाऊ असा निघाला याचा मला धक्का बसला हे खरं, पण तो ओसरेल. तुम्ही दिलेला ओसरेल असं वाटत नाही.

ता. क. दुसरा : रागावले नाही. रागवायला घेतलं होतं, पण तुम्ही त्यांचा हात सोडला नाहीत हे आठवलं की जमत नाही. बुधवारी संध्याकाळी ते नेहमीसारखे पांढरे होऊन घरी आले, पाणी प्यायले, आणि आडवे न होता मुलींसमोर उभे राहून म्हणाले, 'येत्या रविवारी नको, त्याच्या पुढच्या रविवारी पार्कमध्ये जाऊ.' मोठी उठून त्यांच्या गळ्यात पडली. मी काही ऐकलं नाही, काही पाहिलं नाही, असा चेहरा करून भाजी चिरत राहिले. म्हणून एक विनंती. मला सगळं कळलं आहे हे त्यांना कळू देऊ नका. त्या दिवशी ते पहिल्यांदाच बसताहेत, असं आम्ही तिघी समजणार. तुम्हालाही यायचं असेल तर या, पण गुडघा दुखतो म्हणत या, आणि हात वर करू नका. त्यांच्या शेजारची जागा मात्र मोठीला द्या. हात तिला धरू दे.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर याच्यासाठी : त्यांनी पार्कला जाण्यासाठी एक अट घातली. चौघांनीही बसायचं. बॅगा तिथल्या लॉकरमध्ये ठेवता येतात म्हणे. (ही माहिती त्यांना कुठून मिळाली, हे मी विचारलं नाही.) वन्सं, मी आजवर साध्या झोक्यावरही बसलेले नाही. तो व्हिडिओ लावला होता तेव्हा टीपॉय त्यांनी मोडला, पण मी त्याआधीच स्वयंपाकघरात जाऊन उभी होते; बोलले ते तिथूनच. मला लाकडी घोड्यांपासून सुरुवात करावी लागेल, आणि हाताशी फार दिवस नाहीत. बुधवार तुमच्या भावाचा. मी पुढच्या गुरुवारी दवाखान्यातून सुट्टी घेतली आहे. काठी घेऊन पार्कच्या दाराशी उभ्या राहा. घरी मी सांगितलं आहे की त्या गुरुवारी वन्संना फिजिओथेरपीला मीच घेऊन जाते. ते ऐकून तुमचे बंधुराज दोन पेले पाणी प्यायले.